बुटांचं कुलूप काढा, पुस्तकांचं नंतर बघू

पत्र

ताई, आम्ही इचलकरंजीत राहतो. मी एका पतसंस्थेत काम करते. मुलगा नववीत आहे, कबड्डी खेळतो, डावा कोपरा. यंदा शाळेकडून जिल्ह्याला खेळला. पहिल्या सत्रात मराठीत काठावर पास झाला, इंग्रजीत तेवढाही नाही. कवितेच्या रसग्रहणाची कृती सरळ कोरी सोडून आला. मॅडमनी आम्हाला शाळेत बोलावलं. घरी येऊन विचारलं तर म्हणतो, "धड्यात कुणी खेळतच नाही. एक तर रडतात, नाहीतर मरतात, नाहीतर झाडं लावतात." त्याच रात्री ह्यांनी त्याचे मॅटवरचे बूट कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. हे स्वतः तरुणपणी तालुक्यात नाव असलेले चढाईपटू. गुडघा गेला, खेळावर कुठे नोकरी लागली नाही, आता यंत्रमागावर आहेत. बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत, जेवायला वेगवेगळे बसतात. खेळ बंद करावा का? आणि खेळणारं पोरगं वाचेल असं काही असतं का? पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून जास्त काळजी वाटते.
— एक आई

उत्तर

ताई,

आधी बूट बाहेर काढा. बाकीचं सावकाश बोलू, पण ते कुलूप आजच्या आज निघू दे. तुमच्या मुलाला आत्ता एकच हिशेब दिसतोय: मराठीपायी कबड्डी गेली. मग ते पुस्तक उघडताना त्याच्या मनात काय येणार? बूट कोंडले तुमच्या ह्यांनी, राग निघणार कुमारभारतीवर.

बंदीने काय होतं याचा एक जुना दाखला देते. त्रिनिदाद बेटावर १९०१ साली सी. एल. आर. जेम्स नावाचा मुलगा जन्मला. वडील शिक्षक. तुनापुना गावातलं त्यांचं घर मैदानाला इतकं लागून होतं की निजायच्या खोलीच्या खिडकीत पंच उभा केला असता तरी चाललं असतं. सहा वर्षांचं पोर खुर्चीवर चढून त्या खिडकीतून क्रिकेट बघायचं. त्याच खुर्चीवरून खिडकीच्या कठड्यावर पाय दिला की कपाटावर रचलेल्या पुस्तकांपर्यंत हात पोचायचा. दोन्ही व्यसनं एका खुर्चीवर लागली म्हणा ना! पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स रॉयल कॉलेजात गेला, आणि तिथे अभ्यास सोडून दिवसभर क्रिकेट आणि कादंबऱ्या. घरच्यांनी खेळ बंद केला. त्यावर पठ्ठ्याने काय केलं, तर शाळेत अमुक काम आहे, तमुक काम आहे अशी कारणं आधीच रचून ठेवली आणि खेळून उशिराच्या गाडीने घरी जायला लागला. अभ्यास होता तिथेच राहिला, थापा तेवढ्या वाढल्या. हाच मुलगा पुढे मोठा इतिहासकार झाला. १९६३ साली त्याचं 'बियाँड अ बाउंड्री' आलं, आणि खेळावरच्या लेखनात ते आजही पहिल्या रांगेत धरतात. तुमचा मुलगा जेम्स होईल असं मी म्हणत नाहीये. कुणी तसं म्हणालं तर विश्वासही ठेवू नका. पण कुलपाने पोरगं पुस्तकाकडे वळत नाही, एवढं यातून घ्या.

आता त्याच्या त्या वाक्याबद्दल. रडतात, मरतात, नाहीतर झाडं लावतात! माझ्या हातात तपासायला आलं असतं तर स्वमताचे सगळे गुण देऊन टाकले असते. तो अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे शाळेत खेळ आला तरी खेळाडूचं चरित्र म्हणून येतो: गरिबी, जिद्द, पदक, आणि शेवटी एक उपदेश. खाशाबा जाधव येतात ते १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकासकट येतात, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकलं तेही येतं आणि यायलाच हवं. पण कुस्ती काही येत नाही. कुठला डाव टाकला, पकड कुठे सुटली, मॅटचा सराव नसलेल्या पायांना तिथे काय वाटलं, यावर एक ओळ सापडायची नाही. खेळणाऱ्या मुलाला नेमकं तेच हवं असतं.

उरलेला अर्धा मात्र चुकलाय. एकनाथांची भारुडं आणि तुकोबांची गाथा चाळा. हुतुतू, हमामा, फुगडी, चेंडूफळी, विटीदांडू, सगळा गाव खेळताना दिसेल. आणि महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर, शाळाशाळांतून जी पुस्तकं लावली जातात त्यांत तर मैदानं भरलेली आहेत. ती पानं त्याच्यापर्यंत पोचलीच नाहीत, त्याला तो काय करणार?

पुस्तकांकडे जायच्या आधी त्या कोऱ्या रसग्रहणाचं बघू. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन खाने समोर आले की भलीभली पोरं गारठतात. एखाद्या रविवारी जेवताना त्याला सहज विचारा: जिल्ह्याच्या सामन्यात तुझी सगळ्यात भारी पकड कुठली? "होती एक" एवढ्यावर सोडू नका. समोरचा गडी कुठल्या बाजूने आत आला? तू त्याच्या डोळ्यांकडे बघत होतास की पायांकडे? तो बोनसला पाय टाकतोय की नुसती हूल देतोय हे तुला कशावरून कळलं? टाच धरायची हे नक्की कधी ठरलं? तुझ्या शेजारच्याला काही खूण केलीस का?

तो बोलायला लागेल. कोपरा सांभाळणारा मुलगा हा संघातला सगळ्यात बारीक वाचणारा असतो. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात समोरच्याच्या खांद्यावरून, पावलाच्या वळणावरून त्याला पुढची हालचाल ओळखायची असते. लवकर झेपावला तर गुण गेला, उशीर झाला तर गडी मध्यरेषेपार. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या, शुद्ध करू नका. दुसऱ्या दिवशी तोच कागद त्याच्यासमोर ठेवा. यातलं कुठलं वाक्य वाचताना छाती धडधडते? ते वाक्य इथेच का आलं, आधी का नाही? कुठलं वाक्य काढलं तर काही बिघडत नाही? 'धरला' म्हणालास, 'पकडला' का नाही म्हणालास? ताई, हेच रसग्रहण. कृतिपत्रिकेत विचारतात तेव्हा चढाई दुसऱ्या कुणाची असते, एवढाच फरक. ही गोष्ट त्याला एकदा स्वतःच्या पकडीवर जमली की कवितेवर जमायला वेळ लागतो, पण जमते.

आता पुस्तकं. तुम्ही यादी मागितलेली नाहीत, बरं केलंत. यादी दिली की ती फ्रिजवर चिकटते आणि तिथेच पिवळी पडते. मी तुम्हाला पानं सांगते.

पहिलं पान चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचं, अक्षरशः पहिलंच पान. अचेबे नायजेरियाचे, कादंबरी १९५८ ची, इंग्रजीत लिहिलेली. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत शाळेतली मुलं ती वाचतात, आणि बाहेरही वाचतात. सुरुवातच कुस्तीने होते. अठरा वर्षांचा ओकोंक्वो, आणि समोर अमालिंझे, सात वर्षं कुणाला हार न गेलेला मल्ल. लोक त्याला 'मांजर' म्हणतात, कारण त्याची पाठ कधी जमिनीला लागत नाही. ढोल वाजतायत, बासऱ्या वाजतायत, बघे श्वास धरून उभे आहेत, आणि ओकोंक्वो त्याला आडवा करतो. पाठ टेकली की निकाल! हे जगात इतर ठिकाणी शिक्षकांना समजावून सांगावं लागत असेल, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोराला नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडत असताना कुणाची पाठ लागली आणि कुणाची नाही यावरून माणसं हमरीतुमरीवर आलेली त्याने ऐकली असतील.

इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी आहेत. पहिली दोन पानं तुम्ही दोघांनी मिळून वाचा, अडलं तर फोनमध्ये शब्द बघा. मग त्याला एक प्रश्न टाका: लेखकाने सगळ्यात मोठा विजय पहिल्याच पानावर का उरकून टाकला? सिनेमा असता तर शेवटी ठेवला असता. खरी गोष्ट तिथून पुढे आहे. गावातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला आयुष्यभर एकाच गोष्टीची धास्ती वाटते, ती म्हणजे आपण आपल्या बापासारखे दुबळे ठरू. त्या धास्तीपायी तो काय काय करून बसतो ते मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. कुस्तीच्या नादाने सुरू केलेलं पोरगं तिथपर्यंत गेलं तर गेलं. नाही गेलं तर मधला मोठ्या कुस्त्यांचा दिवस वाचू दे, गावच्या मैदानात आधी पोरांच्या आणि मग गड्यांच्या कुस्त्या लागतात तो भाग, आणि पुस्तक मिटू दे. अर्धं वाचलेलं पुस्तक हा गुन्हा नाही.

दुसरं मराठीतच आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेची १९५२ ची छोटी कादंबरी पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. क्यूबातला म्हातारा कोळी, चौऱ्याऐंशी दिवस एक मासा मिळालेला नाही, आणि त्याच्यापाशी येणारा एक मुलगा. अमेरिकेतल्या शाळांत हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या लावलं जातं आणि तिथेही मुलं कुरकुरत असणार, की म्हातारा, होडी आणि मासा, पुढे काय? त्यांना बहुतेक प्रतीकं शोधायला बसवतात. मी तुमच्या मुलाला वेगळ्या दारातून आत सोडेन. हे दोघे सारखे बेसबॉलबद्दल बोलत असतात. न्यूयॉर्क यांकीज जिंकणार की क्लीव्हलँड, हा त्यांचा रोजचा विषय. म्हाताऱ्याचा देव म्हणजे जो डिमॅजिओ. हा खरा खेळाडू, बाप कोळी, आणि टाचेच्या हाडाच्या दुखण्याने खरंच हैराण झालेला. समुद्रात एकटा, दोरीने तळहात सोललेले, मासा होडी ओढून नेतोय आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात चाललंय की टाच दुखत असताना डिमॅजिओ कसा खेळत असेल, आणि आज सामन्याचं काय झालं असेल. टाच, घोटा, गुडघा यांचं दुखणं काय असतं हे तुमच्या घरात दोघांना ठाऊक आहे.

त्याच पुस्तकात पंजा लढवण्याचा एक प्रसंग आहे, तो तर त्याला जेवताना वाचून दाखवा. कासाब्लांकातल्या गुत्त्यात म्हातारा तरुण असताना गोदीतल्या सगळ्यात बलदंड माणसाशी पंजा लढवतो. टेबलावर खडूची रेघ, तिच्यावर दोघांची कोपरं, आणि लढत चालते एक दिवस आणि एक रात्र. नखांतून रक्त येतं. पंचांना झोप मिळावी म्हणून दर चार तासांनी पंच बदलावे लागतात! हेमिंग्वे हे सगळं किती थोड्या शब्दांत सांगतो, आणि पंचांच्या झोपेची गोष्ट नेमकी का सांगतो, एवढं जरी तुमच्या मुलाला जाणवलं तरी मॅडमचं काम निम्मं झालं.

इराणमध्ये तर साहित्य आणि व्यायाम एका खड्ड्यात उतरवलेत. तिथल्या जुन्या तालमींना झूरखाना म्हणतात. मधोमध अष्टकोनी हौद, त्यात पहिलवान उतरतात, हातात आपल्या तालमीतल्या करेल्यासारखे लाकडी मील. वर उंच बैठकीवर मुर्शिद बसतो. तो ढोल वाजवतो, घंटा वाजवतो आणि फिरदौसी या कवीच्या शाहनामा या महाकाव्यातल्या, कवी हाफिजच्या ओळी खड्या आवाजात म्हणतो. त्या ठेक्यावर खाली व्यायाम चालतो. युनेस्कोने २०१० मध्ये या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शाहनामा साधारण हजार वर्षांपूर्वी पुरा झाला. त्यातली रुस्तुम आणि सोहराबची गोष्ट म्हणजे बाप-लेकाची कुस्ती, आणि दोघांनाही माहीत नाही की समोर कोण आहे. सोहराब आधी बापाला खाली घेतो. रुस्तुम म्हणतो, आमच्याकडे पहिल्या पाडावाला मारायची रीत नाही, आणि थापेवर जीव वाचवतो. पुढच्या वेळी तो स्वतः वर येतो तेव्हा ही रीत पाळत नाही. खंजीर मारल्यावर पोराच्या दंडावरची स्वतःचीच खूण त्याला दिसते. आता मुलगा म्हणेल, बघ, इथेही मरतातच! म्हणू दे. पण यावेळी तो सोहराबच्या बाजूने चिडलेला असेल, आणि रुस्तुमने नियम मोडला यावर तावातावाने बोलेल. पंचांनी चुकीचा निर्णय दिला की बोलतो तसाच.

मॅडमना भेटलात तर गंमत म्हणून एक सांगा. १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये साहित्यालाही पदकं होती. १९१२ मध्ये स्टॉकहोमला साहित्याचं सुवर्ण खेळाची स्तुती करणाऱ्या एका रचनेला मिळालं. ती दोन टोपणनावं जोडून पाठवलेली होती आणि लिहिणारा होता खुद्द पिअर द कुबर्तँ, आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणारा गृहस्थ. स्वतःच्या मांडवात स्वतःच बक्षीस! आणि जपानमधल्या मात्सुयामा शहराच्या बेसबॉल मैदानाला 'बोच्चान' हे नात्सुमे सोसेकींच्या १९०६ च्या कादंबरीचं नाव दिलंय. सोसेकी तिथे शाळामास्तर होते. त्यांचे मित्र मासाओका शिकी याच शहराचे, हायकूतले मोठे कवी आणि बेसबॉलवेडे. क्षयाने पाठ धरली, अंथरूण सुटेना, तरी चेंडू, बॅट आणि धावणाऱ्या गड्यांवर कविता लिहीत राहिले. १९०२ मध्ये पस्तिशीच्या आत गेले. बरोब्बर शंभर वर्षांनी जपानी बेसबॉलने त्यांना आपल्या मानकऱ्यांच्या दालनात घेतलं. आपल्याकडे एखाद्या कवीचं नाव क्रिकेटच्या स्टेडियमला देऊन बघा बरं, सभेत काय होतं ते!

एक धोका मात्र टाळा. खेळाचं पुस्तक दिलंत म्हणून खिलाडूवृत्ती, शिस्त, संघभावना यांवर प्रवचन सुरू करू नका. हा प्रयोग इंग्रजांनी करून झालाय. हेन्री न्यूबोल्ट या कवीची १८९२ ची एक कविता इंग्लंडच्या शाळांतून पोरांना पाठ करायला लावत. पहिल्या कडव्यात शाळेचं क्रिकेट मैदान, जिंकायला दहा धावा, शेवटचा गडी. दुसऱ्यात तीच पोरं मोठी होऊन वाळवंटातल्या लढाईत, तोफ अडकलेली, कर्नल मेलेला, आणि आरोळी तीच, क्रिकेटची. खेळ असा सैन्यभरतीला जुंपता येतो. मुलं अशी चलाखी लगेच ओळखतात. त्यापेक्षा 'केसी अ‍ॅट द बॅट' बरी. १८८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आलेली ही गमतीची कविता अमेरिकन पोरं अजून पाठ म्हणतात. गावाचा हिरो केसी मोठ्या ऐटीत मैदानात येतो, दोन चेंडू तोऱ्यात सोडून देतो, तिसऱ्याला सगळी ताकद लावून बॅट फिरवतो आणि बाद होतो. संपलं. बोध नाही, पदक नाही. माजलेला चढाईपटू तुमच्या मुलानेही पकडलेला असेलच की.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र जास्त लिहितेय त्यांच्याकडे येते. तुमचे हे.

ऑगस्ट विल्सन यांचं 'फेन्सेस' नावाचं नाटक आहे. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं, १९८७ चं नाटकाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत अभ्यासाला असतं. काळ १९५७ चा, गाव पिट्सबर्ग. ट्रॉय मॅक्ससन हा कृष्णवर्णी माणूस कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. तरुणपणी हा बेसबॉलचा जबरदस्त फलंदाज, पण खेळला तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये, कारण मोठ्या लीगची दारं त्यांना बंद होती. जॅकी रॉबिन्सनने ती उघडली १९४७ मध्ये, तोवर ट्रॉयची चाळिशी उलटलेली. आता त्याचा मुलगा कोरी शाळेत फुटबॉल खेळतो, अमेरिकन फुटबॉल. दूरच्या कॉलेजातून त्याला बोलावणं येतं, माणूस बापाची सही घ्यायला येणार असतो. ट्रॉय सही करत नाही. वर शाळेच्या प्रशिक्षकाला जाऊन सांगतो की पोराला संघातून काढा. हातात धंदा शिक, दुकानातलं काम सोडू नकोस, खेळाने कुणाचं पोट भरत नाही. अंगणातल्या झाडाला चिंध्यांचा चेंडू टांगलेला आहे आणि शेजारी त्याची जुनी बॅट. खेळ घरातून गेलेला नाही, घरात टांगून ठेवलाय.

नाटकाची ताकद अशी की ट्रॉय मूर्ख वाटत नाही. तो बोलतो ते त्याच्या आयुष्यात शब्दशः खरं ठरलेलं असतं. त्याची बायको रोझ त्याला सांगते की काळ बदललाय, आणि तेव्हा तुझं वयही झालं होतं. ते ऐकून घेणं त्याला सगळ्यात जड जातं. लीगने आपल्याला नाकारलं असं म्हणता येतं तोवर माणूस तग धरतो. वय झालं होतं, हे म्हटलं की हातात काही उरत नाही.

तुमच्या ह्यांची भीतीही खोटी नाही, ताई. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, तिथे बारा संघ आहेत. आणि कबड्डी खेळणारी पोरं महाराष्ट्रात गल्लोगल्ली. बारा संघांत किती जण मावणार हे ज्याचं त्याला कळतं. ज्याचा स्वतःचा गुडघा गेलाय त्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. पण मुलाला यातलं काय कळलंय? त्याला दिसलं एक कुलूप. गुडघ्याची गोष्ट, कुठल्या सामन्यात गेला, कोण कोण आधी खांद्यावर घेऊन नाचले होते आणि नंतर कोण भेटायला आलं नाही, हे त्यांनी त्याला कधी सांगितलंय का? माझा अंदाज आहे, नाही.

नाटक वाचायचा त्यांना कंटाळा येईल, समजू शकते, दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेला माणूस आहे. यावर २०१६ मध्ये सिनेमा निघाला, डेन्झेल वॉशिंग्टनने दिग्दर्शित केलेला, ट्रॉयही तोच. आधी तुम्ही दोघांनी बघा. मुलाला लगेच शेजारी बसवू नका, नाहीतर घरात पुन्हा वादावादी. बघून झाल्यावर त्यांना काही समजावू नका, त्यांनी कुठे नजर चुकवली तेवढं लक्षात ठेवा. आणि मग एक साधं काम सांगा. ते चढाईपटू, पोरगा कोपरा. गुडघ्यामुळे खेळता येणार नाही, पण उभ्याउभ्या पाऊल कसं टाकायचं, हूल कुठे द्यायची, कोपऱ्यातला गडी कधी फसतो, हे त्यांच्याइतकं त्या पोराला कोण सांगणार? त्याच्या बोलण्याचा तो कागद, रसग्रहणाचा, तो त्यांना वाचायला द्या. चुका काढतील. काढू द्या.

मुलासाठी वेळापत्रक एवढंच: रोज रात्री पंधरा मिनिटं वाचन, मोबाईल दुसऱ्या खोलीत, पुस्तक त्याच्या पसंतीचं. वर्तमानपत्राचं क्रीडापानही चालेल. मराठीत त्या पानाला वि. वि. करमरकरांनी वजन आणलं. द्वारकानाथ संझगिरींचे क्रिकेटवरचे लेख मिळाले तर तेही घ्या. 'एका कोळियाने' तुमच्या आपटे वाचन मंदिरात विचारा. प्रत्येक सामन्यानंतर त्याने दहा ओळींची बातमी लिहायची: कुठे, कुणाविरुद्ध, मध्यंतराला गुण किती, लोण कधी चढला, सामना कुठल्या चढाईत फिरला. दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी असतेच, त्यामुळे हे काही वाया जात नाही. बातमीत स्वतःचं नाव जास्तीत जास्त दोनदा, एवढा नियम घाला.

इंग्रजीचं दुखणं वेगळं आहे. काठावरही येत नसेल तर तिथे व्याकरणाचा पाया कच्चा असणार, आणि त्याला अचेबे पुरे पडणार नाहीत. त्यासाठी शिकवणी लावावी लागली तर लावा, फक्त सरावाच्या वेळेवर लावू नका.

दहावीच्या वर्षाचं म्हणाल तर शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत आटोपतो. जानेवारीपासून सराव आठवड्यातून दोनदा, अंग मोकळं ठेवण्यापुरता, हे त्याच्याकडूनच कबूल करून घ्या, आणि वडिलांच्या समोर. क्रीडागुणांची सवलत असते, पण कुठल्या स्तरावर खेळलं तर किती गुण याचे नियम बदलत असतात, तेव्हा नववी संपायच्या आत शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारून ठेवा. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मंडळाकडे जातो. जिल्ह्याचं प्रमाणपत्र मिळालं नसेल तर आत्ताच मागा, त्यावर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी ताडून बघा, चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. मार्चमध्ये त्यासाठी हेलपाटे घालायला तुम्हाला सुट्टी मिळणार नाही.